१८७२चा घोडा आणि आपला सेकंडहँड फोन

जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची एक ठरलेली भाषा असते. ‘सिंगल हँड यूज्ड’, ‘पेपर क्लिअर’, ‘एकही स्क्रॅच नाही’, ‘अर्जंट सेल’. आणि शेवटी हमखास: ‘बघून घ्या, नंतर तक्रार चालणार नाही.’ हे शेवटचं वाक्य आपण इतक्यांदा वाचलंय, की तो जणू निसर्गनियमच वाटतो. पाऊस वरून खाली पडतो, तशी जुन्या मालाची जबाबदारी घेणाऱ्यावर पडते.

मी नागपुरात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे दरवर्षी फ्रेशर्स येतात: यवतमाळ, गोंदिया, चंद्रपूरकडची मुलंमुली. पहिली बाईक, पहिला लॅपटॉप बहुतेक जण जुनाच घेतात. एक-दीड महिन्याचा पगार एका संध्याकाळी अनोळखी माणसाच्या हातात जातो. तो सौदा फसला, तर पुढचे दोन महिने मेसचे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न असतो. म्हणून मला कुतूहल वाटलं, की ‘बघून घ्या’ हा नियम केला कोणी? कधी? आणि कोणाच्या सोयीसाठी?

आपल्याकडे तो पूर्वापार असाच नव्हता. याज्ञवल्क्यस्मृतीत खरेदीनंतर माल तपासण्याच्या मुदती दिल्या आहेत. बियाण्यासाठी दहा दिवस, लोखंडासाठी एक, ओझ्याच्या जनावरासाठी पाच, रत्नांसाठी सात, दुभत्या जनावरासाठी तीन. गाय तीन दिवस घरी दोहून बघा, मग बोला. याच स्मृतीवर विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, ती चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आपल्या उमरग्याच्या पलीकडच्या आजच्या बसवकल्याणात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही सौदा फिरवायची मुदत आहे: व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन, गुराख्यांना पाच. ज्याला मालाची पारख जास्त, त्याला वेळ कमी.

हे वाचून ‘आपल्या पूर्वजांनी रिटर्न पॉलिसी शोधली’ असा फॉरवर्ड बनवायचा मोह होईल, तर थांबा. त्याच श्लोकात विकत घेतलेल्या माणसांच्या तपासणीचीही मुदत आहे: दासीसाठी महिना, दासासाठी पंधरवडा. बाजाराचे नियम त्या बाजारात कोणाची किंमत काय, हे नेहमीच सांगत असतात.

आज आपल्यावर जो नियम चालतो, त्याचं मूळ इंग्लंडात आहे. १६०३ साली तिथे एक खटला गाजला. एका सोनाराने शंभर पौंडांना एक खडा विकला. हा ‘बेझोअर’, म्हणजे विष उतरवणारा खडा आहे, असं त्याने सांगितलं होतं. खडा तसा निघाला नाही. न्यायालय म्हणालं, सोनाराने नुसतं सांगितलं होतं, हमी दिली नव्हती. घेणाऱ्याचं नशीब. ‘घेणाऱ्याने सावध राहावं’ या अर्थाचं लॅटिन वचन पुढे इंग्रजी कायद्याचा पाया बनलं आणि इंग्रजांसोबत इथे आलं.

इथे ते भारतीय करार कायद्यात, म्हणजे १८७२ साली, एका घोड्याच्या रूपात दिसतं. कलम १७ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे आणि खाली उदाहरणं दिली आहेत. ‘अ’ लिलावात ‘ब’ला घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे ‘अ’ला माहीत आहे. तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. नुसतं गप्प बसणं हा गुन्हा नव्हे.

बहुतेक लोक इथेच थांबतात. पण त्याच घोड्याची पुढची उदाहरणं जास्त कामाची आहेत. ‘ब’ ही ‘अ’ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नातंच असं आहे की दोष सांगणं ‘अ’चं कर्तव्य ठरतं. आणि तिसरं: ‘ब’ने म्हटलं, की तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी समजेन, आणि ‘अ’ गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच धरलं जातं. म्हणजे अनोळखी माणसाच्या मौनाला कायद्यात किंमत नाही, पण तुम्ही नेमका प्रश्न विचारलात, की त्याच मौनाला किंमत येते. घोडा तोच आहे. फरक एका प्रश्नाचा.

घोडा राहू द्या, विदर्भाचा खरा माल कापूस. त्याची गोष्ट घेतली, की नियम कोणासाठी बनतात ते स्पष्ट दिसतं.

१८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडच्या कापसाकडे वळली. भाव चढले तशी भेसळही वाढली. कापूस ओला करायचा, सरकी नि कचरा मिसळायचा, वजन वाढवायचं. आता इथे मालाचा अंतिम गिऱ्हाईक कोण होता? मँचेस्टरचा गिरणीमालक. त्याला कोणी ‘बघून घ्या’ म्हटलं नाही. १८६३ साली मुंबई सरकारने कापसातली भेसळ रोखायला खास कायदा केला. घेणारा वजनदार असला, की सावधगिरीची जबाबदारी किती पटकन विकणाऱ्याकडे सरकते बघा.

वऱ्हाडच्या बाजारात मात्र शेतकऱ्याची अवस्था उलटी होती. तिथे तो विकणारा असूनही दुबळा. भाव ठरायचा रुमालाखाली, अडत्या आणि व्यापारी एकमेकांची बोटं दाबून. गाडी ज्याची, त्यालाच भाव कळत नसे. वर कडता, तोलाई, धर्मादाय अशा कपाती. १८८६ साली कारंजा इथे देशातला पहिला नियमन केलेला कापूसबाजार उभा राहिला. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्यबाजारांचा कायदा आला. बाजारावर समिती, अडत्यांना आणि मापाड्यांना परवाना, कपातींवर बंधन. आजच्या बाजार समित्यांचा वंश इथून सुरू होतो. १९२८च्या शाही कृषी आयोगाने असे नियमन केलेले बाजार सगळीकडे हवेत अशी शिफारस केली.

मध्ये १९२५ साली जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा आला, आणि त्यातली एक तरतूद मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक हवा. म्हणजे पुढे माल खराब निघाला, तर तो कुठल्या प्रेसमधून आला हे शोधता यावं. फोनच्या आयएमईआय नंबरचा हा पणजोबाच.

या कायद्यांनी कोणाला प्रामाणिक बनवलं असं नाही. त्यांनी तीन साध्या गोष्टी केल्या: सौदा उघड्यावर आणला, मधल्या माणसाला परवान्यात बांधलं आणि माल ओळखता येईल असा केला. बाजाराबाहेर, म्हणजे खेडा खरेदीत, यातलं काहीच नसतं. तिथे शेतकरी आजही एकटा असतो.

१ जुलै १९३०ला मालविक्री कायदा लागू झाला. आपल्या जुन्या फोनच्या सौद्याला हाच लागतो. आमच्या भाषेत सांगायचं तर कलम १६ ही डिफॉल्ट सेटिंग आहे: मालाच्या दर्जाची हमी गृहीत धरू नका. अपवाद आहेत, पण ते मुख्यतः त्या वस्तूचा धंदा करणाऱ्या विक्रेत्यासाठी. शिवाय तुम्ही वस्तू तपासली असेल, तर तपासताना दिसायला हवा होता असा दोष नंतर सांगता येत नाही.

मात्र दोन गोष्टी धंदेवाल्यालाच नाही, प्रत्येक विकणाऱ्याला लागू आहेत. कलम १४: विकण्याचा हक्क त्याच्याकडे हवा. कलम १५: वर्णन करून विकलं, तर माल वर्णनाबरहुकूम हवा. ‘१६ जीबी रॅम’ लिहिलं आणि आठ निघाली, तर ‘तुम्ही बघून घेतलं होतं’ एवढ्याने सुटका होत नाही. आणि कलम २७ म्हणतं, काही अपवाद सोडले तर विकणाऱ्याकडे नसलेली मालकी घेणाऱ्याला मिळत नाही. चोरीचा फोन पूर्ण पैसे मोजून घेतलात, तरी तो तुमचा होत नाही. चोरीचा आहे असं मानायला कारण असून घेतलात, तर गुन्हाही तुमच्यावर येतो.

मग ग्राहक चळवळ आली. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. १९८६ला ग्राहक संरक्षण कायदा झाला, २०१९ला त्याची जागा नव्याने घेतली. आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनी ऑनलाइन दुकानांना परतावा, तक्रार अधिकारी, विक्रेत्याची माहिती हे सगळं बंधनकारक केलं. चारशे वर्षांनी त्या सोनाराचा हिशेब झाला म्हणायचा.

पण त्याच नियमांच्या सुरुवातीला एक परंतुक आहे. एखाद्या व्यक्तीने वैयक्तिकरीत्या, नियमित धंदा म्हणून नव्हे, असं काही केलं, तर हे नियम लागू नाहीत. न्याय्यच आहे. घर बदलताना जुना कूलर विकणाऱ्या काकूंनी तक्रार अधिकारी कुठून नेमायचा? पण परिणाम असा, की ज्या सौद्यात आपली फ्रेशर मंडळी सगळ्यात एकटी असतात, तिथे दीडशे वर्षांचा घोडा अजून दारात उभा आहे.

मधल्याचं काय? कारंजाच्या अडत्याला परवाना लागला. जाहिराती दाखवणाऱ्या संकेतस्थळांची गोष्ट वेगळी झाली. २००४ साली बाझी डॉट कॉमवर कोणीतरी आक्षेपार्ह चित्रफीत विकायला ठेवली आणि कंपनीच्या प्रमुखांना अटक झाली. त्यावर बरंच वादळ उठलं. पुढे आयटी कायद्यात दुरुस्ती होऊन, योग्य ती काळजी घेणाऱ्या मध्यस्थाला कलम ७९चं संरक्षण मिळालं. ‘जाहिरातीतल्या मजकुराची खातरजमा वाचकांनी करावी’ ही वर्तमानपत्रातली बारीक अक्षरातली सूचना तुम्ही पाहिली असेल. तिचाच हा मोठा भाऊ.

म्हणून या इतिहासातून मी स्वतःसाठी काही गोष्टी उचलल्या आहेत. पहिली, विकणारा खरंच घरगुती आहे की धंदेवाला, ते त्याच्या बाकीच्या जाहिराती बघून ठरवायचं. धंदेवाला असेल तर ग्राहक कायदा आपल्या बाजूने आहे. दुसरी, ‘ब’ने विचारला तसा प्रश्न विचारायचा, तोही चॅटवर लिहून: ‘दुरुस्ती झाली असेल, बॅटरी बदलली असेल तर सांगा. नाही सांगितलंत तर झाली नाही असं धरून मी पैसे देतोय.’ खरा माणूस रागावत नाही. तिसरी, मालकी. फोनचा आयएमईआय संचार साथी पोर्टलवर तपासायचा. २०२३पासून ती सोय आहे. गाडी असेल तर आरसीवरचं नाव आणि समोरचा माणूस जुळवायचा.

गाडी विकणाऱ्यांनीही ऐका. एमएच ३१ची गाडी विकून पैसे घेतले की संपलं, असं नसतं. हस्तांतराची सूचना आरटीओला द्यायची असते, राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलंय, की नोंदणीवर नाव असेल तोवर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नावावर येते. ‘बघून घ्या’ दोन्हीकडून लागतं.

आणि कोणी पैसे ‘पाठवायला’ म्हणून क्यूआर स्कॅन करायला लावून पिन मागितला, तर तिथे सौदाच नाही. पिन लागतो तो पैसे देताना, घेताना नाही. तरीही पैसे गेलेच, तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. तिचा नंबर लक्षात ठेवायला सोपा आहे. मालविक्री कायद्याचं सालच आहे ते: १९३०.