जॅग्वारची स्पोर्ट्स मोटार : वंशपरंपरा आणि स्वामित्व

दि. २ जून २००८ रोजी इंग्लंडमधील जॅग्वार आणि लँड रोव्हर ह्या मोटार-उद्योगांचे स्वामित्व अमेरिकेच्या फोर्ड कंपनीकडून मुंबईच्या टाटा मोटर्सकडे आले. व्यवहाराची रक्कम २३० कोटी डॉलर होती. ह्या घटनेकडे त्या काळी पुष्कळांनी एकाच दृष्टीने पाहिले : जेत्यांचा उद्योग जितांनी विकत घेतला. हे वर्णन सुखद खरे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास तेवढ्यावर थांबता येत नाही. स्वामित्व बदलले म्हणजे नेमके काय बदलले, हा खरा प्रश्न होय. त्याचे उत्तर ताळेबंदापेक्षा एखाद्या विशिष्ट मालाच्या विकासक्रमात शोधणे अधिक फलदायी ठरते. जॅग्वारची स्पोर्ट्स मोटार हा असाच एक माल आहे. १९४८ पासून २०२४ पर्यंत तिची परंपरा चालली आणि त्या अवधीत तिच्या धन्यांची उलथापालथ अनेकवार झाली.

विदर्भातील अभ्यासकास हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. ब्रिटिश अमदानीत आजचा यवतमाळ जिल्हा दीर्घकाळ वणीच्या नावाने ओळखला जात असे. त्या वऱ्हाडी मुलखातील कापूस मुंबईमार्गे लँकाशरच्या गिरण्यांकडे जाई. कच्चा माल एकीकडे आणि कसब दुसरीकडे, ही त्या व्यापाराची घडण होती. ती मोडण्याच्या हेतूने जमशेटजी टाटा ह्यांनी कापूस पिकतो तेथेच गिरणी काढण्याचे ठरविले आणि १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरास एम्प्रेस मिल सुरू झाली. जॅग्वारचा जन्म झाला तो लँकाशरच्या गिरणी-कामगारांच्या सुटीच्या गावी, ब्लॅकपूल येथे. २००८ च्या व्यवहारातील दोन पक्षांची पाळेमुळे अशा रीतीने कापसाच्या एकाच व्यापाराच्या दोन टोकांशी जाऊन पोहोचतात. म्हणूनच भांडवल आणि कसब ह्यांचा परस्परसंबंध येथे तपासून पाहण्याजोगा आहे.

१. उदय

विल्यम लायन्स व विल्यम वॉमस्ली ह्यांनी १९२२ साली ब्लॅकपूल येथे मोटारसायकलीच्या साइडकार बनविण्याचा धंदा सुरू केला. १९२८ मध्ये कारखाना कॉव्हेंट्रीस हलला आणि १९३१ पासून 'एसएस' ह्या नावाने मोटारी निघू लागल्या. 'जॅग्वार' हे नाव प्रथम एका मॉडेलचे होते. महायुद्धानंतर 'एसएस' ही अक्षरे नाझी संघटनेमुळे कलंकित झाली, तेव्हा १९४५ साली कंपनीनेच ते नाव धारण केले. योगायोग असा की, टाटांची टेल्को ही कंपनीही त्याच वर्षी स्थापन झाली.

युद्धकाळात बाँबहल्ल्यांतील आगींवर पहारा देण्याच्या रात्री विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन व क्लॉड बेली ह्या अभियंत्यांनी नव्या इंजिनाचा आराखडा चर्चेतून तयार केला. सहा सिलिंडर, ३,४४२ घनसेंटिमीटर क्षमता, वर दोन कॅमशाफ्ट आणि १६० अश्वशक्ती, असे हे 'एक्सके' इंजिन होते. मुळात ते मोठ्या प्रवासी मोटारीसाठी योजलेले होते. ती मोटार तयार होण्यास अवकाश असल्यामुळे इंजिनाच्या प्रसिद्धीसाठी एक दोन आसनी मोटार घाईने सिद्ध करण्यात आली. ऑक्टोबर १९४८ च्या लंडन प्रदर्शनात ती 'एक्सके १२०' ह्या नावाने प्रकट झाली. कर वगळता तिची किंमत ९९८ पौंड होती. नावातील आकडा ताशी १२० मैल वेगाचा निदर्शक होता. मे १९४९ मध्ये बेल्जियममधील याबेके येथील रस्त्यावर तिने १३२ मैलांचा वेग गाठून तो आकडा मागे टाकला.

अ‍ॅश लाकडाच्या सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे बसवून थोड्याच गाड्या काढण्याचा कंपनीचा मानस होता. मागणीने तो बेत उधळला आणि १९५० पासून पोलादी बॉडी आली. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये निर्यात करील त्यास पोलाद मिळे, अशी सरकारची नीती होती. त्यामुळे ही मोटार मुख्यतः परदेशी, विशेषतः अमेरिकेत गेली. जॅग्वारच्या स्पोर्ट्स मोटारीचे भवितव्य परक्या बाजारपेठेशी निगडित झाले ते तेव्हापासून.

२. उत्कर्ष आणि ऱ्हास

१९५४ च्या 'एक्सके १४०'मध्ये सुकाणूची रचना सुधारली. १९५७ च्या 'एक्सके १५०'मध्ये चारही चाकांना डिस्क ब्रेक आले. हे ब्रेक ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत कसाला लागलेले होते. ती शर्यत जॅग्वारने १९५१, १९५३, १९५५, १९५६ व १९५७ अशी पाच वेळा जिंकली. शर्यतीच्या गाड्यांचा घाट ठरविणारे माल्कम सेयर हे विमानविद्येतून आलेले होते. वाऱ्याचा विरोध कमी करण्याचे त्यांचे गणित मार्च १९६१ मध्ये जिनिव्हा येथे सादर झालेल्या 'ई-टाइप'मध्ये पूर्णत्वास गेले. हिची मधली बॉडी स्वतःच भार पेलणारी होती, मागील चाकांचे निलंबन स्वतंत्र होते आणि वेग ताशी १५० मैलांच्या घरात असल्याचा कंपनीचा दावा होता. इतक्या वेगाच्या इतर गाड्यांच्या मानाने किंमत फारच कमी होती.

पुढील बदल मात्र अभियंत्यांच्या इच्छेपेक्षा बाजाराच्या नियमांनी घडविले. १९६८ पासून अमेरिकेत सुरक्षिततेचे व धुराच्या नियंत्रणाचे कायदे लागू झाले. दिव्यांवरील काचेची झाकणे गेली, कार्ब्युरेटर बदलले, शक्ती घटली. ती भरून काढण्यासाठी १९७१ साली बारा सिलिंडरांचे ५.३ लिटरचे इंजिन आले. पण त्याबरोबर लांबी व वजनही वाढले. १९७४ मध्ये उत्पादन थांबले, तोपर्यंत ७२ हजारांहून अधिक ई-टाइप बाहेर पडल्या होत्या.

३. एकोणचाळीस वर्षांची पोकळी

१९७४ पासून २०१३ पर्यंत ई-टाइपची खरीखुरी वारस निघाली नाही. ह्या पोकळीचे कारण शोधल्याशिवाय स्वामित्वाचा प्रश्न उलगडत नाही. जॅग्वार १९६६ साली ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनशी संलग्न झाली, १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँडमध्ये विलीन झाली आणि १९७५ मध्ये लेलँडबरोबर सरकारच्या ताब्यात गेली. लायन्स १९७२ मध्येच निवृत्त झाले होते. सप्टेंबर १९७५ मध्ये आलेली 'एक्सजे-एस' ही आरामशीर, जड व दूरच्या प्रवासास योग्य अशी मोटार होती. अमेरिकेत उघड्या मोटारींवर बंदी येईल ह्या भयाने ती केवळ बंद छपराचीच काढण्यात आली. ती १९९६ पर्यंत टिकली. परंतु दोन आसनी चपळ मोटार असे तिचे स्वरूप नव्हते.

वारस निर्माण करण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे मात्र नाही. १९८० नंतर 'एक्सजे ४१' ह्या सांकेतिक नावाने एक योजना हाती घेण्यात आली. १९८४ मध्ये जॅग्वार पुन्हा खाजगी कंपनी झाली, १९८९ मध्ये फोर्डने ती सुमारे १६० कोटी पौंडांस घेतली आणि १९९० मध्ये वजन व खर्च हाताबाहेर गेलेली ही योजना रद्द झाली. २००० साली डेट्रॉइट येथे 'एफ-टाइप' ह्याच नावाचा एक नमुना लोकांपुढे आला. तोही फोर्डने पुढे गुंडाळून ठेवला.

ह्यावरून फोर्डचा काळ निष्फळ होता असे अनुमान काढणे अन्यायाचे होईल. १९९६ च्या 'एक्सके ८'साठी आठ सिलिंडरांचे सर्वस्वी नवे इंजिन ह्याच काळात मिळाले. रिव्हेट व चिकटद्रव्याने जोडलेली अ‍ॅल्युमिनियमची बॉडीही ह्याच काळातील होय. २००६ ची 'एक्सके' तीवर उभी होती. कसब होते, साधने होती. अभाव होता तो ह्या एका मालावर पैसा गुंतविण्याच्या निश्चयाचा.

४. मुंबईचे भांडवल

टाटांनी कंपनी घेतली आणि काही महिन्यांतच जागतिक आर्थिक अरिष्ट कोसळले. खरेदीसाठी काढलेले ३०० कोटी डॉलरचे तात्पुरते कर्ज डोक्यावर, आणि मोटारींची मागणी घसरलेली. २००८-०९ साली टाटा मोटर्सच्या एकत्रित हिशेबात तोटा दिसला. अशा स्थितीतही नव्या मॉडेलांवरील खर्च थांबविण्यात आला नाही. २०११ मध्ये फ्रँकफर्ट येथे नमुना दाखविण्यात आला, सप्टेंबर २०१२ मध्ये पॅरिस येथे 'एफ-टाइप' सादर झाली आणि २०१३ पासून बर्मिंगहॅमजवळील कॅसल ब्रॉमिच कारखान्यातून ती बाहेर पडू लागली. युद्धकाळात स्पिटफायर विमाने बांधणारा कारखाना तो हाच. प्रथम सहा व आठ सिलिंडरांची सुपरचार्जरयुक्त इंजिने, २०१७ मध्ये दोन लिटरचे चार सिलिंडरांचे इंजिन आणि दरम्यान चारही चाकांना गती देण्याची सोय, असा तिचा विस्तार झाला.

आधीच्या धन्यांना जे साधले नाही ते टाटांनी साधले, हे निर्विवाद आहे. पण साधले ते कसे? मोटारीचा घाट ठरविला इयन कॅलम ह्यांनी, आणि ते फोर्डच्या काळापासून तेथे प्रमुख होते. अ‍ॅल्युमिनियमची विद्याही फोर्डच्या काळातील होती. मुंबईने दिले ते भांडवल, धीर आणि कारागिरांच्या कामात न पडण्याचा संयम.

पुण्याचे उदाहरण ह्या संदर्भात बोलके आहे. मे २०११ मध्ये तेथे लँड रोव्हरच्या 'फ्रीलँडर २'ची जुळणी सुरू झाली. पुढे जॅग्वारच्या 'एक्सएफ' व 'एक्सजे' ह्या प्रवासी मोटारीही तेथे जुळविल्या जाऊ लागल्या. सुटे भाग इंग्लंडहून येत व जोडणी येथे होई. आयात-कर वाचविणे हा त्यातील उघड लाभ होता. एफ-टाइप मात्र भारतात पूर्ण बांधलेल्या स्थितीतच आयात होत राहिली. ज्या मोटारीत कंपनीचे सर्वांत नाजूक कसब एकवटले होते, ती महाराष्ट्राच्या भूमीवर कधीच घडली नाही.

५. समारोप

२०२१ साली कंपनीने जॅग्वार ही केवळ विजेवर चालणाऱ्या मोटारींची निर्माती होईल असे जाहीर केले आणि २०२४ मध्ये एफ-टाइपचे उत्पादन संपले. १९४८ साली सुरू झालेली परंपरा मुंबईच्या स्वामित्वाखाली पुनरुज्जीवित झाली आणि त्याच स्वामित्वाखाली खंडित झाली. दोन्ही निर्णय भांडवलाच्या विनियोगाचे होते.

ह्यावरून दोन निष्कर्ष निघतात. स्वामित्व ही नाममात्र गोष्ट नव्हे. कोणता माल निघावा व कोणता बंद पडावा हे अखेर धनीच ठरवितो आणि एकोणचाळीस वर्षांची पोकळी त्याचीच साक्ष देते. परंतु स्वामित्व म्हणजे कसबही नव्हे. कसब पिढ्यान्‌पिढ्या एकत्र काम करणाऱ्या माणसांच्या ठायी आणि त्यांच्या गावी वसते. ते खरेदीखताने हस्तांतरित होत नाही. एम्प्रेस मिलच्या वेळी भांडवल कापसाकडे गेले आणि कसब नागपुरास रुजविण्यात आले. जॅग्वारच्या वेळी भांडवल कसबाकडे गेले आणि कसब होते तेथेच राहिले. महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाची मांडणी करताना ह्या दोन प्रकारांची गल्लत होता कामा नये. कारण पहिल्यात समाज शिकतो, दुसऱ्यात तो केवळ मालक होतो.