आयांचा पगार आणि २३ डॉलर ६२ सेंट

१९३७ सालच्या प्राप्तिकरात अमेरिकेतील स्मिथ दाम्पत्याने एक वजावट मागितली. पतिपत्नी दोघेही नोकरी करत. घरी लहान मूल होते आणि त्याला सांभाळायला आया ठेवल्या होत्या. आयांचा पगार हा मिळकतीसाठीच झालेला खर्च आहे, तो उत्पन्नातून वजा व्हावा, एवढेच त्यांचे म्हणणे. कर खात्याने ते फेटाळले आणि २३ डॉलर ६२ सेंटांची बाकी काढली.

रक्कम किरकोळ होती, वाद मात्र किरकोळ नव्हता. आया नसत्या तर आईला नोकरीवर जाता आले नसते आणि कर लावायला पगारच उरला नसता, असा स्मिथांचा युक्तिवाद. १९३९ साली कर-अपील मंडळाने उलट प्रश्न केला: अन्न, वस्त्र, निवारा यांवाचूनही कोणी कामावर जाऊ शकत नाही, मग तेही व्यवसायाचे खर्च मानायचे काय? मंडळाच्या मते घर आणि मुले सांभाळण्याची पत्नीची सेवा सामान्यतः विनामोबदला असते. त्या सेवेवर कर नाही, म्हणून तिच्या जागी होणारा खर्चही खासगीच. त्याच निकालात नटाचा पोशाख मात्र व्यवसायाच्या रकान्यात बसला. रंगमंचावरचा अंगरखा धंद्याचा आणि आया घरची, अशी ही वाटणी!

दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांना स्त्रियांचे हात हवे झाले, तेव्हा संघराज्य सरकारने पाळणाघरांना पैसा पुरवला. युद्ध संपताच तो आटला.

१९५४ च्या करसंहितेत कलम २१४ आले. बारा वर्षांखालील मुले किंवा स्वतःची काळजी घेऊ न शकणारे अवलंबित यांच्या सांभाळासाठी वर्षाला कमाल ६०० डॉलर वजावट. ती मिळणार स्त्रियांना, विधुरांना आणि घटस्फोटित वा विभक्त पुरुषांना. पतिपत्नीचे एकत्रित उत्पन्न ४,५०० डॉलरच्या वर गेले, की वरच्या प्रत्येक डॉलरमागे वजावटीतला एक डॉलर कमी. ५,१०० ला ती शून्य.

या यादीत अविवाहित पुरुष नव्हता. डेन्व्हरच्या चार्ल्स मॉरिट्झ यांनी लग्न केलेच नव्हते आणि घरी ८९ वर्षांची परावलंबी आई होती. १९६८ सालासाठी त्यांनी तिच्या शुश्रूषेचे ६०० डॉलर मागितले आणि ते नाकारले गेले. मॉरिट्झ मुलगा नसून मुलगी असते, तर त्याच आईसाठी तीच वजावट मिळाली असती. करविषयक वकील मार्टिन गिन्सबर्ग यांच्या वाचनात हा निकाल आला. त्यांनी तो पत्नीला दाखवला. ती पत्नी म्हणजे रूथ बेडर गिन्सबर्ग, पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश. १९७२ मध्ये दोघांनी अपील जिंकले. सरकारने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावताना, हा निकाल टिकला तर धोक्यात येतील अशा लिंगभेदी संघराज्य कायद्यांची संगणकाने काढलेली यादीच जोडली. न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. यादी मात्र पुढच्या लढ्यांसाठी गिन्सबर्ग यांच्या हाती आयतीच पडली.

दरम्यान, ९ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी देशव्यापी बालसंगोपन केंद्रांच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला. दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, महिन्याला ४०० डॉलरपर्यंत सांभाळखर्च वजा करू देणारा करकायदा त्यांच्या सहीने अमलात आला. लिंगाची अटही त्यात गेली. म्हणजे पाळणाघर सरकार उघडणार नाही. ते ज्याने त्याने शोधावे, पैसे भरावे आणि पावती जपून ठेवावी.

वजावटीचा फायदा वरच्या करदराच्या माणसाला अधिक, आणि खर्चांची तपशीलवार यादी न देणाऱ्याला काहीच नाही. म्हणून १९७६ साली तिची जागा करातून थेट मिळणाऱ्या सुटीने घेतली: खर्चाच्या २० टक्के, एका मुलासाठी २,००० आणि दोन वा अधिकांसाठी ४,००० डॉलर खर्चाच्या मर्यादेत. स्मिथ खटल्यातले तत्त्व मात्र कधीच उलथवले गेले नाही. सवलत मिळाली ती संसदेच्या मर्जीने, मर्यादा घालून. आयांचा पगार आजही तिथे व्यवसायाचा खर्च मानला जात नाही.