ॲसबेस्टॉसचे दोन कर्करोग

पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, नागोठणे येण्यापूर्वी, कासू नावाचे एक लहानसे स्थानक लागते. कोकणातील इतर खेड्यांप्रमाणे या बाजूसही कौलांच्या शेजारी सिमेंटचे करडे पन्हळी पत्रे आले, आणि गोठ्यांवर व पडव्यांवर ते कायमचे स्थिरावले. आपण त्यांस सिमेंटचे पत्रे म्हणतो खरे. परंतु त्यांस बळकटी आणणारा तंतू बहुधा ॲसबेस्टॉसचा असतो. शिवाय याच मुलखातील तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या कारखान्यांत पोटासाठी जात आले. तेव्हा या खनिजाचा इतिहास केवळ परक्यांचा इतिहास आहे असे समजण्याचे कारण नाही.

ॲसबेस्टॉस म्हणजे दगडातून निघणारा, कापसासारखा पिंजता येणारा व अग्नीस दाद न देणारा तंतू. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘न विझणारे’ असा आहे. इंग्लंडातील रॉचडेल गावी त्याचे सूत काढणारी मोठी गिरणी होती. तेथील नेली केरशॉ ही कामकरीण १९२४ मध्ये, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, फुप्फुसे निबर होऊन वारली. तिच्या शवाची परीक्षा करणाऱ्या डॉ. कुक यांनी पुढे १९२७ मध्ये या व्याधीस ‘ॲसबेस्टॉसिस’ हे नाव दिले. १९३० मध्ये सरकारी चौकशीचा अहवाल बाहेर पडला व १९३१ मध्ये धुळीस आळा घालणारे नियम झाले. नंतर तीनच वर्षांनी, १९३४ मध्ये, हिंदुस्थानात कैमूर येथे ॲसबेस्टॉस-सिमेंटचा कारखाना निघाला. पुढे मुंबईजवळ मुलुंडलाही निघाला. यंत्रे समुद्र ओलांडून आली. विलायतेचे ते नियम मात्र विलायतेतच राहिले.

ॲसबेस्टॉसिस हा कर्करोग नव्हे. कर्करोगाची गोष्ट पुढची आहे, आणि ती दुहेरी आहे. १९५५ मध्ये रिचर्ड डॉल यांनी ज्यांनी वीस किंवा अधिक वर्षे या धुळीत काढली होती अशा ११३ पुरुषांचा हिशेब मांडला. सर्वसाधारण लोकांच्या मानाने त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने एक मृत्यूही पुरता भरावयास नको होता. प्रत्यक्षात ११ भरले. पाचच वर्षांनी, १९६० मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाचे ३३ रोगी वर्णिले. हा रोग फुप्फुसाचा नसून त्यास वेढणाऱ्या पातळ आवरणाचा. एक सोडून बाकी सर्वांचा निळ्या ॲसबेस्टॉसशी संबंध असण्याचा संभव दिसला. आणि विशेष हे की त्यांतील कित्येकांनी खाणीत काम केलेच नव्हते, ते केवळ त्या भागात राहिले होते. १९६५ मध्ये लंडनमध्येही तसेच आढळले. घरच्या माणसाचे धुळीने माखलेले कपडे धुणे हेदेखील काहींना पुरले होते.

येथे दोन्ही रोगांतील भेद नीट ध्यानी घेतला पाहिजे. फुप्फुसाचा कर्करोग धुळीच्या मात्रेप्रमाणे वाढतो, आणि तंबाखूचा धूर त्यास मोठे साह्य करतो. अमेरिकेत १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेत, धूर व धूळ दोन्ही टाळणाऱ्याचा धोका १ धरला, तर केवळ धूळ खाणाऱ्याचा सुमारे ५, केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा ११, आणि दोन्ही करणाऱ्याचा ५० हून अधिक आला. येथे बेरीज नाही, गुणाकार आहे! मेसोथेलिओमास मात्र तंबाखूशी कर्तव्य नाही. तो एकंदरीने विरळा, पण थोड्या संसर्गानेही होऊ शकतो. वीस ते पन्नास वर्षे दडून राहतो, आणि एकदा प्रकट झाल्यावर रोगी बहुधा वर्ष-दीड वर्षातच जातो.

या भेदातूनच न्यायाचा प्रश्न उद्भवतो. मेसोथेलिओमा हा जवळजवळ ॲसबेस्टॉसची सहीच होय. ती पाहिल्यावर कारखानदारास हात झटकणे अवघड जाते. परंतु ॲसबेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग अन्य कारणांनी होणाऱ्या कर्करोगाहून वेगळा दिसत नाही. रोगी विडी ओढणारा असला म्हणजे सारा दोष विडीच्या माथी मारून कागद मिटता येतो. वस्तुतः वरील गुणाकार हेच सांगतो की विडी ओढणाऱ्या कामगारास धुळीपासून अधिक जपावयास हवे होते. मला हा युक्तिवाद अज्ञानाचा कमी व सोयीचा अधिक वाटतो.

आपल्याकडे तर सही वाचणाराही विरळा. मुंबईतील एका ॲसबेस्टॉस कारखान्यातील १८१ कामगारांच्या तपासणीचा निबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत शेकडा २२ जणांस ॲसबेस्टॉसिस आढळला. मात्र नोकरी संपवून गावी परतलेला मनुष्य वीस वर्षांनी धापा टाकू लागला, तर त्याच्या जुन्या कामाची चौकशी कोण करतो? छातीत पाणी झाले, क्षय असेल, एवढ्यावर निदान थांबण्याची भीती असते. खाणींचे नवे पट्टे देणे सरकारने १९८६ मध्येच थांबविले. परदेशातून येणारा पांढरा ॲसबेस्टॉस मात्र आजही येतच आहे. छपरावरील अभंग पत्र्याचे फारसे भय नाही; तो कापताना, फोडताना, भोके पाडताना उडणारी धूळ तेवढी घातक.

२७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जीविताच्या हक्काचाच भाग मानला, बाधित कामगारांस एक लाख रुपये भरपाई ठरविली, आणि प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद कामास लागल्यापासून चाळीस वर्षे, किंवा काम सुटल्यानंतर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर जपून ठेवण्याची आज्ञा केली. त्या वर्षी कामास लागलेल्या तरुणाचा कागद निदान २०३५ पर्यंत कारखान्याच्या दप्तरात मिळाला पाहिजे. त्याच्या घरी त्याचे कपडे धुणाऱ्या स्त्रीची नोंद कोणत्याच दप्तरात नाही.