सक्ती हटली, पण शाळेचे काय?

कर्नाटकातल्या बेळगावच्या मराठी चळवळीचा इतिहास सहसा सीमाप्रश्नाच्या अंगानेच सांगितला जातो: 1956 ची राज्यपुनर्रचना, 1967 चा महाजन अहवाल, महाराष्ट्र एकीकरण समितीच्या निवडणुका. पण 1986 मध्ये लोक रस्त्यावर आले ते शाळेवरून. माध्यमिक शाळांत कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा असावी, अशी गोकाक समितीची शिफारस होती. 1982 मध्ये कन्नड नट राजकुमार त्या मागणीसाठी आंदोलनात उतरले, कर्नाटक सरकार झुकले आणि सक्ती प्राथमिक शाळेपर्यंत पोहोचली. ज्या पोराची देवनागरीची शिरोरेषा अजून वाकडी जाते, त्यानेच कन्नडची गोल वळणेही गिरवायची! जून 1986 च्या आंदोलनात नऊ जणांचा बळी गेला. बेळगावजवळच्या हिंडलग्याला त्यांचे स्मारक आहे.

सक्ती मोडली ती मात्र न्यायालयात. पहिलीपासूनची कन्नडसक्ती कर्नाटक उच्च न्यायालयाने 1989 मध्ये अल्पसंख्याकांच्या हक्कांविरुद्ध ठरवली. पुढे 1994 च्या सरकारी आदेशाने पहिली ते चौथीचे माध्यम मातृभाषा किंवा कन्नड एवढेच ठेवले. हा आदेश मराठी शाळेच्या पथ्यावर पडणारा होता. तोही 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने रद्दच ठरवला, कारण माध्यम निवडण्याचे स्वातंत्र्य पालकांचे. म्हणजे ज्या हक्काच्या आधाराने कन्नडसक्ती नाकारता येते, त्याच हक्काने इंग्रजी शाळेचे दारही उघडते. न्यायालयाने राखली ती निवड. भाषा राखणे त्याच्या हातात नव्हते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, कर्नाटकात राहायचे तर कन्नड यायला नको का? यायलाच हवी, कचेरीतला कागद कन्नडमध्येच असतो. वाद कोणत्या इयत्तेत आणि कशाच्या बदल्यात, एवढाच होता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: मराठी शाळा पुण्या-मुंबईतही ओस पडतात, मग निकालांना बोल का लावायचा? लावू नये. पण त्यातूनच हे दिसते की सक्ती उठल्याने पट भरत नाही. राज्यघटनेच्या कलम 350अ मध्ये अपेक्षा आहे ती प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयींची, म्हणजे शिक्षकांची आणि पुस्तकांची. चळवळीने सक्तीविरुद्ध जेवढी ताकद लावली, तेवढीच या सोयींसाठी वर्षानुवर्षे लावावी लागते. शिवाय मोडलेली सक्तीही परत येते: 2015 च्या कायद्याने कन्नड सक्तीचा विषय म्हणून टप्प्याटप्प्याने परतली. सरकारचा आदेश फिरवता येतो, पालकांचा कल मोर्चाने फिरत नाही. त्यासाठी मराठी शाळा चांगलीच असावी लागते.