वेरूळच्या वाटेवरचा मुक्काम

संभाजीनगरहून वेरूळला जाणारा जुना रस्ता दौलताबादच्या तटातून घाट चढतो, वर खुलताबादला टेकतो आणि पुढचा उतार उतरून लेण्यांपाशी पोचतो. लेण्यांना निघालेले बहुतेक पर्यटक खुलताबाद फक्त गाडीच्या काचेतून बघतात. जगप्रसिद्ध ठिकाणापासून चार-पाच किलोमीटरवर असलेलं, उंचावरचं, थंड हवेचं हे गाव पर्यटकांचं गाव का झालं नाही? दर्ग्यांचं गाव, तिथं पर्यटन कसं वाढणार, असं उत्तर सहज दिलं जातं. ते मला चुकीचं वाटतं. खुलताबाद शतकानुशतकं पाहुण्यांवरच जगत आलं आहे. लेण्यांना येणाऱ्याचा तिथला मुक्काम मात्र मोडला, आणि तो रेल्वेनं आणि मोटारीनं मोडला.

जुनी माणसं अजूनही गावाला नुसतं ‘रोजा’ म्हणतात. चौदाव्या शतकात बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि त्यांच्यानंतर झैनुद्दीन शिराझी हे सूफी इथं विसावले. त्यांच्या कबरींभोवती उरूस, लंगर, उतरायच्या जागा असा सगळा संसार उभा राहिला. 1626 साली वारलेल्या मलिक अंबरचा मकबरा इथंच आहे. 1707 मध्ये अहमदनगरजवळ मेलेल्या औरंगजेबालाही इथंच, झैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आकाशाखाली पुरलं. मेल्यावर त्याला ‘खुल्द-मकान’ म्हणू लागले, त्यावरून गावाचं नाव पडलं. घाटाखाली वेरूळचा जम वेगळा. चक्रधरस्वामींच्या तिथल्या वास्तव्याच्या आठवणी लीळाचरित्रात आहेत. घृष्णेश्वराला बारा ज्योतिर्लिंगांची वाट धरलेले यात्रेकरू येत, आणि त्या देवळाचा जीर्णोद्धार आधी मालोजी भोसल्यांनी व पुढे अहिल्याबाई होळकरांनी केला. म्हणजे घाटाच्या वर आणि खाली, दोन्हीकडे परगावच्या माणसाला रात्री उतरवून घ्यायची रीत लेण्यांची तिकिटं निघण्याच्या कितीतरी आधीची आहे.

एकोणिसाव्या शतकात युरोपियन मंडळी लेणी बघायला येऊ लागली, तीही याच रीतीत सामावली. त्यांच्यापैकी सीली नावाच्या प्रवाशानं वेरूळवर लिहिलेलं जाडजूड पुस्तक 1824 मध्ये लंडनला निघालं. ते मुंबईपासूनच्या अख्ख्या प्रवासाचं आहे, कारण तेव्हा वेरूळ बघणं म्हणजे मजल दरमजल करत येणं होतं. पुढे जीआयपी रेल्वे झाल्यावर लोक नांदगावला उतरत आणि टांग्यानं देवगावच्या बाजूनं वर येत. एवढं करून आलेल्या माणसानं दुपारी परत फिरणं शक्यच नव्हतं. तो रोज्याला राहायचा. उन्हाळ्यात औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या संभाजीनगरच्या, छावणीतले गोरे अधिकारीही हवापालटासाठी तिथंच येत.

हा मुक्काम पुढे का मोडला, ते आयर्लंडमधल्या किलार्नीची गोष्ट शेजारी ठेवली की स्पष्ट होतं. तळ्यांकाठचं ते छोटं गाव. अठराव्या शतकाच्या मध्याला तिथले जमीनदार लॉर्ड केनमेअर यांनी रस्ते, उतारशाळा आणि तळ्यातल्या नावा यांवर पैसा खर्च केला. 1853 मध्ये रेल्वे थेट गावात आली आणि दुसऱ्याच वर्षी स्टेशनाला लागून रेल्वेचं हॉटेल उभं राहिलं. 1932 मध्ये तिथलीच मक्रॉसची जहागीर देशाला दान मिळाली आणि त्यातून आयर्लंडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. त्याआधीच पाऊणशे वर्षं गावाला पाहुणा रात्रभर ठेवून घ्यायची सवय लागली होती. आपल्याकडे 1900 च्या सुमारास मनमाडहून आलेली निजामाची रेल्वे औरंगाबादला पोचली. डोंगर टाळून ती तशीच सपाटीनं जालन्याकडे गेली, आणि रेल्वेचं हॉटेलही औरंगाबादेतच झालं. मग मोटार आली. तीस किलोमीटर म्हणजे तासाभराचं काम. त्या दिवसापासून वेरूळचा पाहुणा शहराचा झाला आणि रोज्याच्या वाट्याला धूळ आली.

यावर एक आक्षेप रास्त आहे. एका दिवसाची सहल झाली म्हणूनच तर एसटीनं येणाऱ्या साध्या कुटुंबाला कैलास बघता येतो. मुक्कामाचा खर्च त्याला झेपला नसता. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि टांग्याचे दिवस परत यावेत असं मी म्हणतही नाही. दुसरा आक्षेप मात्र टिकत नाही. किलार्नीला तळी-डोंगर आहेत, तिथं राहावंसं वाटतं, लेणी तर दोन तासांत होतात, असं लोक म्हणतात. वेरूळची 34 लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी तिथं सावली असते. दहाव्या लेण्यातल्या चैत्यगवाक्षातून ऊन आत येतं ते दुपार कलल्यावर. दगडात कोरलेल्या तुळयांवरून सरकत ते स्तूपापुढं बसलेल्या बुद्धाकडे जातं. सकाळी शहरातून निघून जेवायच्या वेळेला परत फिरणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

खुलताबादला मुक्काम जमत नाही, या समजाला खुद्द गावच उत्तर देतं. मंगळवारी लेणी बंद असतात, त्या दिवशी वेरूळचा बाजार थंड पडतो. श्रावणातल्या शुक्रवारी रात्री मात्र शहरातून हजारो माणसं खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी निघतात. कुणी अनवाणी, कुणाच्या खांद्यावर पेंगलेलं पोर. वाटेवर जागोजागी चहा-फराळाचे स्टॉल लागतात, घाटात टॉर्चच्या उजेडाची रांग दिसते. पहाटे निद्रिस्त मारुतीच्या शेंदरी मूर्तीपुढं रुईच्या माळा आणि नारळ घेऊन लोक उभे राहतात, तेव्हा गावातली हॉटेलं केव्हाच उघडलेली असतात. उरुसातही हेच होतं, फक्त माणसं दुसरी असतात. हा पाहुणा पायांनी येतो, म्हणून त्याला टेकायला जागा लागते, आणि खुलताबाद ती सहाशे वर्षांहून अधिक काळ देत आलं आहे.