२६ जानेवारी १९५० : पहिल्या प्रजासत्ताक दिनी आपलं गाव कुठल्या राज्यात होतं?

बेळगाव, बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद आणि पणजी. २६ जानेवारीला या सगळ्या ठिकाणी झेंडावंदन होतं. पण पहिल्या प्रजासत्ताक दिनी, २६ जानेवारी १९५० रोजी, यातलं एकही शहर आजच्या राज्यात नव्हतं. बेळगाव आणि बडोदा तर चक्क एकाच राज्यात होते. हैदराबादेत राज्यप्रमुख म्हणून निजामच बसला होता आणि पणजीवर पोर्तुगालचा झेंडा होता.

तारीख हीच का?

राज्यघटना संविधान सभेने स्वीकारली ती २६ नोव्हेंबर १९४९ रोजी. नागरिकत्व, निवडणुका अशी काही कलमं त्याच दिवशी लागू झाली. बाकीच्या घटनेला मुद्दाम दोन महिने थांबवलं, कारण २६ जानेवारी ही तारीख आधीच लोकांच्या मनात होती.

डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. वसाहतीचं स्वराज्य नको, पूर्ण स्वराज्य हवं, असा ठराव तिथे झाला आणि २६ जानेवारी १९३० या रविवारी देशभर गावोगावी स्वातंत्र्याची प्रतिज्ञा वाचली गेली. पुढची सतरा वर्षं हाच 'स्वातंत्र्यदिन' होता. प्रत्यक्ष स्वातंत्र्य १५ ऑगस्टला आलं, ती तारीख इंग्रजांनी ठरवलेली. मग आपण ठरवलेल्या तारखेचं काय करायचं? ती प्रजासत्ताकासाठी राखून ठेवली गेली.

दिल्लीत त्या दिवशी सकाळी १० वाजून १८ मिनिटांनी भारत प्रजासत्ताक झाल्याची घोषणा झाली आणि सहा मिनिटांनी डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. पाहुणे होते इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नो. संचलन आयर्विन स्टेडियमवर झालं. राजपथावर, म्हणजे आताच्या कर्तव्य पथावर, ते कायमचं आलं १९५५ पासून.

तेव्हाचा नकाशा

बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर. धारवाड, विजापूर आणि कारवारचा उत्तर कानडा जिल्हाही मुंबईतच. आणि बडोदा? सयाजीरावांचं संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं होतं. म्हणजे पहिल्या प्रजासत्ताक दिनी बेळगावकर आणि बडोदेकर, दोघांचीही राजधानी मुंबई!

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मागे राहिला. आज तो कोल्हापूर जिल्ह्यात आहे. त्याच म्हैसूरचं नाव १९७३ मध्ये कर्नाटक झालं. बडोदा मात्र ३० एप्रिल १९६० पर्यंत मुंबई राज्यातच होतं, दुसऱ्या दिवसापासून गुजरातेत.

इंदूर-ग्वाल्हेरची गोष्ट आणखी वेगळी. शिंदे आणि होळकर यांच्यासह माळव्यातली लहानमोठी संस्थानं एकत्र करून २८ मे १९४८ रोजी 'मध्य भारत' हा संघ झाला होता. जिवाजीराव शिंदे राज्यप्रमुख, यशवंतराव होळकर उपराज्यप्रमुख. राजधानी कुठे ठेवायची यावर दोन शहरांत ओढाताण, म्हणून हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. 'मध्य प्रदेश' नावाचं राज्य तेव्हाही होतं, पण त्याची राजधानी नागपूर होती आणि इंदूर त्यात नव्हतं. आजच्या मुलांना हे सांगितलं तर थट्टा वाटते.

सगळ्यात नाट्यमय प्रसंग हैदराबादचा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या फौजेने शरणागती पत्करली. त्यानंतर जेमतेम सोळा महिन्यांनी, २६ जानेवारी १९५० रोजी, तोच मीर उस्मान अली खान भारताच्या घटनेखाली हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला. मराठवाड्याचे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे, शिवाय बीदर, गुलबर्गा, रायचूर हे सगळं त्याच राज्यात. रझाकारांचा काळ भोगलेल्या घरांत तो दिवस कसा गेला असेल, याचा विचार केला तरी पुरे.

गोव्याला आणखी बारा वर्षं थांबावं लागलं. १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्ती मिळाली आणि ३८ दिवसांनी, लष्करी गव्हर्नर मेजर जनरल कँडेथ यांच्या कारकिर्दीत, गोमंतकाचा पहिला प्रजासत्ताक दिन आला. गंमत म्हणजे गोव्याचं नाव तेव्हा घटनेत नव्हतंच. बारावी घटनादुरुस्ती मार्च १९६२ मध्ये झाली, अंमल मात्र २० डिसेंबर १९६१ पासून धरला गेला. घटक राज्याचा दर्जा मिळाला ३० मे १९८७ रोजी.

झेंडा, जिलेबी आणि सुट्टी

१५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात. २६ जानेवारीला तो आधीच वर बांधलेला असतो, दोरी ओढून फक्त उलगडायचा. दिल्लीत पहिला मान पंतप्रधानांचा, दुसरा राष्ट्रपतींचा. पत्रिकांवर मात्र दोन्ही वेळा 'ध्वजारोहण'च छापलेलं असतं.

हा खादीचा झेंडा बनतो बेळगावपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, हुबळीच्या बेंगेरी भागात. कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ ही १९५७ ची संस्था तिथे मानक ब्युरोच्या नियमांप्रमाणे झेंडे शिवते. झेंड्याची प्रमाणित मापं नऊ. लांबी-रुंदीचं प्रमाण सगळ्यांत ३:२. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत बदल होऊन यंत्रावरच्या आणि पॉलिस्टरच्या झेंड्यालाही परवानगी मिळाली. झेंडा स्वस्त झाला, घरोघरी पोचला हे खरं, पण हातमागावर बसणाऱ्यांच्या पोटावर त्याचा परिणाम झाला. बेंगेरीतून त्याविरुद्ध उघड आवाज उठला होता.

कोल्हापुरात या दिवशी चौकाचौकांत जिलेबीचे स्टॉल लागतात. माळव्यात शाळेत लाडू मिळतो. महाराष्ट्रात ग्रामसभाही याच दिवशी असते, आणि तिला जिलेबीच्या रांगेपेक्षा कमी लोक असतात हे सांगायला नको.

व्यापाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. विनिमयपत्राची किंवा वचनचिठ्ठीची मुदत २६ जानेवारीला भरत असेल तर सुट्टीमुळे एक दिवस जास्त मिळेल असं समजू नये. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, १८८१ च्या कलम २५ नुसार ती आधीच्या कामकाजाच्या दिवशीच देय होते.

राज्याबाहेरच्या मराठी माणसासाठी काय?

त्या दिवशी लागू झालेल्या घटनेच्या आठव्या अनुसूचीत चौदा भाषा होत्या, त्यांत मराठी होती. कोकणी १९९२ मध्ये आली. अनुच्छेद ३० ने भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. १९५६ च्या फेररचनेत लाखो माणसं दुसऱ्या भाषेच्या राज्यात गेल्यावर सातव्या दुरुस्तीने दोन कलमं जोडली: ३५०-क, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्याने पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न करावा, आणि ३५०-ख, या हक्कांवर लक्ष ठेवायला विशेष अधिकारी. 'प्रयत्न करावा' या शब्दांतच सगळी अडचण आहे. शाळेची खोली, शिक्षक आणि पुस्तकं राज्याच्या मर्जीवर राहतात. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेला दावाही याच घटनेच्या अनुच्छेद १३१ खाली आहे.

रोजच्या कामाला येणारं कलम मात्र साधं ३५० आहे, आणि ते पहिल्या दिवसापासून घटनेत आहे. संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडता येतं. उत्तर कोणत्या भाषेत द्यायचं, याबद्दल मात्र हे कलम काहीच सांगत नाही. त्यामुळे अर्ज मराठीत दिला तरी तारीख-शिक्क्याची पोच तिथल्या तिथे मागून घ्यावी.