समाधीचे अभंग : शोकातील विसावा

शके १२१८ च्या (इ. स. १२९६) कार्तिक वद्य त्रयोदशीस श्रीज्ञानेश्वरांनी आळंदी येथे संजीवन समाधी घेतली. परंपरेनुसार त्यांचे वय त्या वेळी अवघे २१ वर्षांचे होते. या प्रसंगाचे नामदेवांच्या गाथेतील करुण अभंग वारकरी समाज पिढ्यान् पिढ्या गात आला आहे.

या अभंगांत उपदेशापेक्षा प्रत्यक्ष घटनाच अधिक आहेत. नामदेवांचे पुत्र समाधीची जागा झाडून काढतात. निवृत्तिनाथ धाकट्या भावास हाती धरून आसनापर्यंत नेतात आणि बाहेर येऊन समाधीस शिळा लावतात. देहाचे नश्वरत्व ज्यांनी ज्ञानदेवांस शिकविले, त्या सद्गुरूंचेच मन काही केल्या आवरत नाही! 'शोक करू नये' असे हे अभंग सांगत नाहीत. निवृत्तिनाथांनाही शोक अनावर झाला, एवढेच सांगतात. म्हणूनच नुकतेच कोणी आप्त गमावलेल्या श्रोत्यास आपल्या अश्रूंचा संकोच वाटेनासा होतो.

आजही त्या तिथीस आळंदीत नामदेवरायांच्या वंशजांचे कीर्तन होते. माध्यान्ही समाधीवर पुष्पवृष्टी होते आणि सहस्रावधी नेत्र एकदमच पाणावतात. घरी एकट्याने सोसलेले दुःख तेथे टाळमृदंगाच्या साथीत सर्वांचे होते.

नामदेव त्यानंतर ५० हून अधिक वर्षे जगले, असे परंपरा सांगते. सोबती गेला, परंतु त्याचे चरित्र गाणे त्यांच्यापाशी उरले. तोच त्यांचा विसावा झाला असावा, आणि पुढे तो आपणां सर्वांचा झाला.